न खाणाऱ्या फॅट-टेल गेकोची हिवाळ्यातील शुश्रूषा : नागपुरातील नोंदी

२ डिसेंबर

आज संध्याकाळी त्रिमूर्तीनगरातील एका विद्यार्थ्याकडून आफ्रिकन फॅट-टेल जातीचा नर गेको ताब्यात घेतला. हा पश्चिम आफ्रिकेतला, जमिनीवर वावरणारा आणि रात्री हिंडणारा सरडावर्गीय प्राणी असून हेमिथेकोनिक्स कॉडिसिंक्टस हे त्याचे शास्त्रीय नाव आहे. विद्यार्थ्याला नोकरीसाठी पुण्याला जायचे होते आणि गेकोने दिवाळीपासून एकही किडा तोंडात घेतलेला नव्हता. त्याने वजनाची वही ठेवली होती हे फार चांगले झाले, कारण त्याशिवाय उपास किती खोल गेला आहे हे समजलेच नसते. ऑगस्टमध्ये वजन ५२ ग्रॅम होते. आज ते ३१.४ ग्रॅम भरले.

या जातीचा गेको शेपटीत चरबी साठवतो, त्यामुळे थंडीत काही आठवडे न खाणे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. शेपूट भरलेली असेल आणि वजन टिकून असेल तर वाट पाहता येते. या गेकोची शेपूट मात्र मुळाशी चपटी झाली आहे आणि कमरेची हाडे वरून दिसतात. जबडा घट्ट आहे, पाय सरळ आहेत, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडे मऊ झाल्याची लक्षणे वरकरणी तरी नाहीत. डावा डोळा अर्धा मिटलेला आहे, बोटांवर जुन्या कातेची कडी अडकली आहेत आणि पाठीची त्वचा हलकेच चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसते. अंगात पाणी कमी असल्याची ही खूण आहे.

काचेची पेटी ६० बाय ३० सेंटिमीटरची असून तळाशी दोन बोटे वाळू आणि झाकणावर ४० वॅटचा दिवा आहे. काचेला वरच्या बाजूस चिकटवलेला तापमापक २९ अंश दाखवतो. रात्री इन्फ्रारेड तापमापकाने लपण्याच्या जागेखालची जमीन मोजली, तर ती २०.५ अंश निघाली. दिवा झाकणाजवळची हवा तापवत होता आणि गेको थंड वाळूवर पोट टेकून बसला होता. घरातील सर्वांचा आग्रह त्याला काहीतरी भरवून पाहावे असा आहे, पण आज अन्न द्यायचे नाही असे ठरवले.

३ डिसेंबर

ज्यांचा गेको आत्ता उपाशी आहे त्यांनी निदान हा क्रम लक्षात घ्यावा : आधी ऊब, मग पाणी आणि सर्वांत शेवटी अन्न. सरपटणाऱ्या प्राण्याचे पचन बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते. थंड शरीरात ढकललेला किडा पचत नाही, तो पोटात सडतो किंवा उलटून बाहेर पडतो, आणि अशक्त प्राण्याला ते सोसत नाही.

नागपुरात ऊब विकत घ्यावी लागते हे ऐकून शेजारच्या काकूंना हसू आवरेना. आपल्या शहराची ख्याती उन्हाळ्याची आहे हे खरे, पण डिसेंबर-जानेवारीत येथील रात्री चांगल्याच उतरतात (२०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत गेला होता) आणि तळमजल्यावरची फरशी दिवसाही गार राहते. विद्यार्थ्याची पेटी त्याच फरशीवर ठेवलेली होती.

वाळू पूर्ण काढून टाकली आणि तळाशी स्वयंपाकघरात वापरतात तो कागद अंथरला. कागद दिसायला वाईट असला तरी त्यावर विष्ठा लगेच दिसते आणि किड्याबरोबर पोटात काही जात नाही. पेटी फरशीवरून उचलून लाकडी टेबलावर घेतली, मागे व दोन्ही बाजूंना थर्माकोल लावला. तळाच्या एक तृतीयांश भागाखाली बाहेरून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) चिकटवली आणि पेटीच्या चारही कोपऱ्यांखाली रबरी पाय लावले, म्हणजे मॅट व टेबल यांत हवेला जागा राहते आणि काच एकाच ठिकाणी तापून तडकत नाही.

ठरलेल्या तापमानाला मॅट बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटसाठी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून मागितला असता तर दुकानदाराने हात वर केले असते, म्हणून अंडी उबवण्याच्या यंत्रात बसवतात तो डिजिटल थर्मोस्टॅट मागितला, आणि तो पहिल्याच दुकानात मिळाला. थर्मोस्टॅट ५८० रुपये, मॅट १,४५० रुपये, आर्द्रतामापक २८० रुपये, थर्माकोल, रबरी पाय, वायर आणि प्लग मिळून सुमारे ३०० रुपये. वजनकाटा आणि इन्फ्रारेड तापमापक घरी होतेच. ते नसतील तर आणखी हजार-बाराशे रुपये धरावेत. कोणी खर्च वाचवू पाहत असेल तर मॅट स्वस्तातली घ्यावी, पण थर्मोस्टॅटशिवाय ती एक रात्रही चालू ठेवू नये.

उबदार बाजूची जमीन ३२ अंश आणि थंड बाजू २५ अंश असे लक्ष्य ठेवले आहे.

४ डिसेंबर

सकाळी पाहिले तेव्हा गेको थंड बाजूच्या काचेला चिकटून उभा होता आणि उबदार जमीन ४३ अंश होती. थर्मोस्टॅटचा संवेदक ज्या चिकटपट्टीने लावला होता ती ऊब लागून सुटली, संवेदक गार बाजूला घसरला, आणि थंडी आहे असे समजून यंत्राने मॅट बंदच केली नाही. थंड बाजू पुरेशी मोठी होती म्हणूनच भाजण्यावाचून निभावले.

दुरुस्ती दोन प्रकारे केली. संवेदक आता पेटीच्या आत, मॅटच्या बरोबर वर, एका पातळ फरशीच्या तुकड्याखाली सिलिकॉनने पक्का बसवला आहे. सिलिकॉन वाळून त्याचा वास जाईपर्यंत गेकोला हवेची भोके पाडलेल्या डब्यात कापडात ठेवले आणि डबा गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला. दुसरे म्हणजे मॅट आणि थर्मोस्टॅट यांच्यामध्ये दिव्याचा साधा डिमर जोडला आणि मॅट सतत चालू राहिली तरी जमीन ३५ अंशांच्या वर जाणार नाही एवढ्यावर तो ठेवला. थर्मोस्टॅट बिघडला किंवा संवेदक पुन्हा निसटला तरी आता प्राणी भाजणार नाही. हे काम पहिल्याच दिवशी करण्याजोगे होते.

६ डिसेंबर

तापमान दोन्ही बाजूंना स्थिर आहे, त्यामुळे आज पाण्याकडे वळलो. पसरट डब्यात ३० अंशांचे पाणी पोटाला लागेल एवढेच घेऊन त्यात गेकोला पंधरा मिनिटे बसवले; डोके कायम पाण्याबाहेर राहील याकडे लक्ष दिले. नंतर नाकपुडी टाळून ओठाच्या कडेला पाण्याचे थेंब सोडले, ते त्याने चाटले. डब्यातच थोडी विष्ठा पडली. तिच्यासोबतचा पांढरा भाग, म्हणजे घट्ट स्वरूपातली लघवी, पिवळसर आणि खडूसारखा कडक होता. पाणी पुरेसे मिळणाऱ्या गेकोत तो मऊ व पांढरा असतो, त्यामुळे रोज हाच भाग पाहून पाण्याचा अंदाज घ्यायचे ठरवले.

ओलसर लपणासाठी झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत नारळाचा भुसा भिजवून ठेवला आहे. फॅट-टेलला बिबट्या गेको (लेपर्ड गेको) या दुसऱ्या पाळीव जातीपेक्षा अधिक ओलावा लागतो आणि येथील हिवाळी हवा कोरडी आहे. खोलीतील आर्द्रता दुपारी ३० टक्क्यांच्या आसपास येते.

८ डिसेंबर

पशुवैद्यांकडे जाऊन आलो. शहरातील बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे आहेत, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून सरपटणारे प्राणी तपासता का, असे स्पष्ट विचारावे. एका ठिकाणी गेकोला न पाहताच जंताचे औषध देऊ केले गेले, ते घेतले नाही. दुसरीकडे डॉक्टरांनी वही मागून वजनाची उतरंड पाहिली, तेव्हा योग्य जागी आलो असे वाटले.

क्ष-किरणात आतड्याच्या शेवटच्या भागात वाळूचे पांढरे कण दिसले, पण मार्ग बंद झालेला नव्हता. ऊब आणि पाणी मिळत राहिल्यास वाळू आपोआप बाहेर पडेल, तेल वगैरे पाजू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. डाव्या पापणीखाली जुन्या कातेचा तुकडा होता. सलाइनचे थेंब टाकून मऊ झाल्यावर ओल्या कापसाच्या काडीने त्यांनी तो काढला. हा गेको शिकार डोळ्यांनी, तिची हालचाल पाहून धरतो. एक डोळा झाकला असताना त्याने समोरच्या किड्याकडे दुर्लक्ष केले तर त्यात नवल नाही. बोटांवरची कडी ओढून काढायची नाहीत, नाहीतर बोटाचे टोक जाते. ती रोजच्या पाण्यात मऊ होऊ द्यायची आहेत.

तपासणी आणि क्ष-किरण मिळून ९०० रुपये लागले.

११ डिसेंबर

विष्ठेचा ताजा नमुना मिळाला. तो स्वच्छ डबीत, दोन थेंब सलाइन घालून, त्याच सकाळी पोहोचवला. वाळलेल्या नमुन्यातून फारसे काही कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सूत्रकृमींची थोडी अंडी दिसली, कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी आढळले नाहीत. शेपूट झपाट्याने बारीक होण्यामागे क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो आणि तो साध्या तपासणीत सुटतो, म्हणून नमुन्याला वेगळा रंग देऊन पाहण्याची विनंती केली. त्यातही काही आढळले नाही, पण एका नमुन्यावर विसंबायचे नाही, दुसरा नमुना नंतर द्यायचा आहे.

जंताचे औषध डॉक्टरांनी मुद्दाम पुढे ढकलले आहे. पाणी कमी असलेल्या आणि उपाशी प्राण्याला ते झेपत नाही, आणि एवढी थोडी अंडी असणे अनेक निरोगी गेकोंतही सामान्य असते.

१४ डिसेंबर

ओलसर लपणातील नारळाच्या भुशावर पांढरी बुरशी आली. हवा न खेळणाऱ्या डब्यात, खालून ऊब मिळत असताना, हे होणारच होते. भुसा टाकून डबा गरम पाण्याने धुतला आणि आता त्यात ओला कागद ठेवतो, जो रोज रात्री बदलतो. डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला वेळ मिळत नाही. बोटांवरची दोन कडी आज आपणहून सुटली.

१५ डिसेंबर

अन्न देऊन पाहायला सुरुवात केली. रात्री नऊनंतर, खोलीतील दिवे मालवून, उबदार बाजूला पांढऱ्या बशीत मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, ठेवले. पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्या दुकानात ते सहज मिळतात. गेकोने वळून पाहिले आणि तो लपणात निघून गेला. बाहेरगावाहून मागवलेल्या रातकिड्यांचा डबा कुरिअरने आला, पण प्रवासातील थंडीत निम्म्याहून अधिक मेले होते आणि उरलेल्यांत जीव नव्हता. ६५० रुपये वाया गेले. डिसेंबरात जिवंत किडे मागवू नयेत. अंगणातले किडे आणि घरातली झुरळे पकडून देण्याचा मोहही टाळावा, कारण फवारणी कोणी कुठे केली आहे हे कळत नाही आणि जंगली किड्यांतून परजीवी येतात.

१९ डिसेंबर

वजन २९.६ ग्रॅमवर आले. तीस ग्रॅमखाली गेल्यास आधाराने भरवायचे असे डॉक्टरांशी ठरले होते, त्याप्रमाणे आज सुरू केले. आजारी मांजरांसाठी मिळणारे मऊ डबाबंद अन्न कोमट पाण्यात पातळ केले आणि सुई नसलेल्या १ मिलिलीटरच्या सिरिंजने ओठांच्या कडेला थेंब लावले. चाटले तर पुढचा थेंब, नाही चाटले तर थांबायचे. जबडा उघडण्याचा प्रयत्न करायचा नाही. दिवसाआड ०.३ मिलिलीटर एवढेच प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले आहे. दीर्घ उपासानंतर एकदम पोटभर दिल्यास शरीरातील क्षारांचा तोल बिघडतो.

पहिल्या रात्री भरवून झाल्यावर वजन पाहण्यासाठी पुन्हा हातात घेतले आणि त्याने सगळे बाहेर टाकले. आता वजन भरवण्याच्या आधीच करतो आणि नंतर पेटीला हात लावत नाही. त्यानंतर उलटी झालेली नाही.

२३ डिसेंबर

मीलवर्मची पाठ कडक असते, त्यांत चरबी अधिक आणि कॅल्शियम कमी, म्हणून मऊ शरीराच्या अळीच्या शोधात होतो. पोळ्यातला मेणकिडा हा एक पर्याय होता, पण तो फार चरबीचा असल्याने गेको त्याला चटावतो आणि मग दुसरे काही घेत नाही. रेशमाच्या अळीचा विचार त्यातून आला. ती मऊ असते, तिच्या अंगात पाणी भरपूर असते, ती चावत नाही आणि पळूनही जात नाही. राज्याच्या रेशीम संचालनालयाचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि विदर्भात तुती लावून रेशीम काढणारे शेतकरी आहेत, तरी येथील गेको पाळणाऱ्यांना हे सुचत कसे नाही याचे नवल वाटते.

उमरेडच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने पहिल्यांदा तोंडभर हसून घेतले आणि मग स्वतःच सावध केले : “भाऊ, या कात टाकून उठल्या की आम्ही जंतुनाशक भुकटी मारतो. ती मारलेली अळी कोणत्याच जनावराला देऊ नका.” त्यांच्याकडच्या सर्व अळ्यांवर भुकटी पडलेली होती, त्यामुळे रिकाम्या हाताने परतलो. पुढच्या चॉकीतून, म्हणजे लहान अळ्यांच्या पुढच्या खेपेतून, भुकटीआधी वेगळ्या काढलेल्या अळ्या द्यायचे त्यांनी कबूल केले आहे.

२६ डिसेंबर

पहाटे वीज गेली आणि खोली १२ अंशांवर आली. थर्माकोलमुळे पेटीची जमीन हळूहळू उतरली, जाग आली तेव्हा २४ अंश होती. कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या पेटीला बाहेरून लावल्या आणि वर घोंगडी टाकली, हवेला फट ठेवून. बाटली पेटीच्या आत ठेवू नये, अशक्त प्राणी तिला चिकटून बसतो आणि पोट भाजते. त्या रात्रीचे भरवणे रद्द केले, कारण जमीन पुन्हा ३२ अंशांवर येऊन बराच वेळ टिकल्याशिवाय अन्न द्यायचे नाही.

३० डिसेंबर

भुकटी न लागलेल्या, तिसऱ्या अवस्थेतील (दोन वेळा कात टाकलेल्या) अळ्या तुतीच्या पानांसह आल्या. रात्री बशीत दोन ठेवल्या आणि गेकोने ढुंकूनही पाहिले नाही. हा प्रयोगही फसला असे वाटले, पण बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की अळ्या कात टाकण्याच्या बेतात होत्या. त्या अवस्थेत रेशीम अळी डोके वर करून तासन्‌तास निश्चल राहते, आणि जे हलत नाही ते या गेकोसाठी अन्न नव्हे.

१ जानेवारी

अळ्या कात टाकून उठल्या आणि पानांवर चालू लागल्या. गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जाड नसलेली एक निवडली, तिच्यावर कॅल्शियमची चिमूटभर पूड लावली आणि चिमट्याने त्याच्यापासून बोटभर अंतरावर सोडली. तो थांबला, शेपटीचे टोक हलवले आणि अळी धरली. दुसरी अळी मागितल्यासारखा तो बशीपाशी उभा राहिला, तरी आज एकच दिली. सिरिंजचे प्रमाण तसेच चालू ठेवले आहे.

९ जानेवारी

दिवसाआड दोन अळ्या पोटात टिकत आहेत, वजन ३१ ग्रॅम. विष्ठेतून वाळू दोनदा पडली आणि पांढरा भाग आता मऊ आहे. सिरिंज बंद केली.

१८ जानेवारी

कात टाकली. अंगावरची कात त्याने नेहमीप्रमाणे खाल्ली. बोटे आणि पापण्या पूर्ण मोकळ्या झाल्या. ओल्या कागदाचा डबा कात संपेपर्यंत त्याने सोडला नाही. वजन ३२.८ ग्रॅम झाल्यावर डॉक्टरांनी जंताचे औषध दिले. त्याची मात्रा येथे लिहीत नाही, कारण ती ग्रॅममधल्या वजनावर ठरते आणि अंदाजाने दिलेली मात्रा एवढ्याशा प्राण्याला घातक होऊ शकते. औषधाच्या दिवशी त्याने काही खाल्ले नाही, दुसऱ्या दिवशी खाल्ले.

२ फेब्रुवारी

दुसऱ्या नमुन्यात अंडी नाहीत, क्रिप्टोस्पोरिडियमही नाही. वजन ३५.९ ग्रॅम. नुसत्या रेशीम अळीवर ठेवायचे नाही म्हणून मीलवर्म पुन्हा सुरू केले. देण्याआधी दिवसभर त्यांना गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊ घालतो आणि नुकतीच कात टाकलेले, पांढरे व मऊ मीलवर्म निवडून देतो. गडद रंगाचे त्याने अजून एकदाही घेतलेले नाहीत.

१५ फेब्रुवारी

दुपारी बाहेर ३२ अंशांच्या वर जाते आणि मॅट दिवसा जवळजवळ बंदच असते. मागचा व बाजूंचा थर्माकोल काढला. पेटी पश्चिमेच्या भिंतीजवळून हलवून आतल्या खोलीत नेली आहे, कारण एप्रिल-मेमध्ये थंड बाजू २८ अंशांखाली ठेवणे हेच काम होणार आहे आणि त्यासाठी कूलरच्या वाऱ्याचा झोत थेट पेटीवर न येईल अशी जागा आत्ताच बघून ठेवायला हवी. वजन ३८.२ ग्रॅम, शेपटीचे मूळ गोल होऊ लागले आहे.

रेशीम अळ्या गेकोच्या भुकेपेक्षा वेगाने वाढतात. पाचव्या अवस्थेतल्या अळ्या त्याच्या तोंडापेक्षा मोठ्या झाल्या आणि उरलेल्यांनी डब्याच्या कोपऱ्यांत कोश विणले. पुढच्या खेपेस निम्म्याच अळ्या घ्यायच्या, त्याही दुसऱ्या अवस्थेत, असे शेतकऱ्याला कळवले आहे.